अग्निशस्त्र व काडतूस सुरक्षितता : चित्रीकरणस्थळ आणि घर (नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
मराठवाड्यात शस्त्र हा परंपरेचाही भाग आहे. खंडेनवमीला शस्त्रांचे पूजन होते. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे ऐतिहासिक शस्त्रे श्रद्धेने जतन केलेली आहेत. मुदखेड येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, तर लातूरजवळील बाभळगाव येथे राज्य पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे. मात्र तलवार व बंदूक यांत मूलभूत भेद आहे. तलवारीची धार डोळ्यांना दिसते; बंदुकीतील काडतूस दिसत नाही. बहुतेक अपघातांचे मूळ या न दिसण्यात आणि 'बंदूक रिकामी आहे' या गृहीतकात आढळते.

काडतुसाचे स्वरूप :
काडतुसाचे चार घटक असतात : पुंगळी, तिच्या तळाची टोपी, दारू आणि गोळी. घोडा पडला की टोपी पेटते, दारू जळते व वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. चित्रीकरणात दोन निराळी काडतुसे वापरली जातात. 'ब्लँक'मध्ये टोपी व दारू असते, गोळी नसते. 'डमी'त गोळी दिसते, परंतु दारू नसते. ब्लँक निरुपद्रवी नव्हे; त्यातून सुटणारा तप्त वायू जवळून प्राणघातक ठरतो. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकी अभिनेत्याने ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर गमतीने कानशिलाला लावून चाप ओढला व त्यातच त्याचा अंत झाला.

चित्रीकरणस्थळावरील दुर्घटना :
१९९३ मध्ये 'द क्रो'च्या चित्रीकरणात डमी काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती. नळी न तपासताच पुढे ब्लँक उडविण्यात आले. त्या दाबाने ती गोळी सुटली आणि अभिनेता ब्रँडन ली मरण पावला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी 'रस्ट'च्या स्थळी डमी समजून भरलेले काडतूस प्रत्यक्षात जिवंत निघाले. त्यात छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या व्यक्तीस २०२४ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दोन्ही ठिकाणी यंत्र बिघडले नव्हते. तपासणी चुकली होती.

घरातील शस्त्र :
१ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील घरी त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायात घुसली. ते कपाटात ठेवताना हातातून निसटले, असे सांगण्यात आले. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो; खाली पडताच बार उडू शकतो. पडद्यावरची बंदूक तपासणारे कोणी असते. घरातल्या बंदुकीस मालकाखेरीज तपासनीस नसतो.

कायद्याची भूमिका :
शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने विवाह, मेळावे, धार्मिक स्थळे इत्यादी ठिकाणी निष्काळजीपणे गोळीबार करून जीवित धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा विहित केल्या. हवेत झाडलेली गोळी खाली येतेच आणि वरातीतील कोणाच्याही डोक्यावर पडू शकते, हे या तरतुदीमागील साधे कारण होय.

आवश्यक दक्षता :
१) प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच हाताळावी.
२) नळीचे तोंड कधीही माणसाकडे नसावे.
३) लक्ष्य निश्चित होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये.
४) खंडेनवमीस वा सफाईस बंदूक बाहेर काढताना प्रथम काडतुसे काढून नळी व कोठी डोळ्यांनी पाहावी.
५) शस्त्र व काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत.
६) चित्रीकरणस्थळी जिवंत काडतूस आणूच नये, शस्त्र एकाच जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावे व देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ते दोघांसमक्ष तपासावे. हौशी लघुपटांत खेळण्यातील प्रतिकृतीच वापरावी.

समारोप :
शस्त्राविषयीचा आदर पूजेपुरता मर्यादित राहू नये. तो हाताळण्याच्या शिस्तीतही दिसावा. 'रिकामी असेल' या शब्दांवर विसंबण्यापेक्षा 'रिकामी आहे का, हे पाहिले' असे म्हणता येणे, हीच अग्निशस्त्र सुरक्षिततेची पहिली पायरी होय.