पिचलेला बांबू

बांबू वाकतो, बांबू मोडतो, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तो पिचतो. पिचलेला बांबू दिसायला अखंडच असतो. सालीवर केसाएवढी उभी रेघ, बस. मांडवाला टेकू म्हणून लावला की ती रेघ उघडते आणि मग मांडवाचं जे व्हायचं ते होतं. म्हणून जाणता गिऱ्हाईक बांबू घेताना नुसती उंची बघत नाही. जमिनीवर आपटून आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर ठीक, फाटका आवाज आला की बाजूला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मुख्य जात मानवेल, डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. दुसरा कटांग, काटेरी आणि पोकळ. पोकळ नळी वाकवत नेली की आधी तिचा गोलपणा चेपतो आणि चेपलेल्या जागी भिंत पिचते. गाठी त्याला थोडाफार आवर घालतात. मानवेल बुडाशी जवळजवळ भरीव, तिला चेपायला जागाच नसते. लाठीला मानवेल हवी, ती यासाठी.

बांबू उभा चिरून काढलेल्या कामटीचं गणित निराळं. बांबूच्या भिंतीत सालीकडे चिवट तंतू दाट आणि आतल्या अंगाला मऊ गर जास्त. साल बाहेर ठेवून कामटी वळवली तर ताण तंतूंवर येतो, आतला गर दबून जागा करून देतो. तीच कामटी साल आत घेऊन तेवढीच वळवून बघा, कितीतरी लवकर दगा देईल. सुकलेली कामटी बुरड आधी पाण्यात भिजवतो. जाड कांब वाकवायची तर धग देतात. तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन उष्णतेने सैल होतं आणि गरम असताना दिलेला बाक थंड झाल्यावर टिकतो. धग जास्त झाली की काळं पडून तुटतं. घाईच्या कारागिराचं काम तिथेच ओळखू येतं.

वयही बघावं लागतं. पावसाळ्यात फुटणारे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, आपण भाजी करून खातो. जे वाचतात ते एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतात. अंगात ताकद यायला मात्र तीनेक वर्षं जावी लागतात.

‘पिचणं’ हे क्रियापद माणसालाही लागतं. कर्जाने पिचलेला, गरिबीने पिचलेला. मोडलेला माणूस दिसतो तरी. पिचलेला रोज कामावर जातो. बांबूवर जगणाऱ्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. 1927च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या व्याख्येत बांबू घातला. वनस्पतिशास्त्रात हे चक्क गवत! पण त्या व्याख्येपायी जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे ट्रक भरभरून गेला आणि जंगलात राहणाऱ्याला तो तोडून विकणं गुन्हा ठरलं.

2006च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी घोडं अडलं ते वाहतूक परवान्यावर. तोडायचा हक्क गावाचा, पण माल रस्त्यावर आणायला कागद वन खात्याचा! अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. ग्रामसभेने स्वतः बांबू विकायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी नियमच बदलले आणि परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं.

‘झाड’ हा शिक्का पुसायला 2017 उजाडलं. शेताच्या बांधावरचा बांबू आता गवत आहे. जंगलातला मात्र अजून वन कायद्याच्याच ताब्यात.