फॉरवर्डची फळी किती भक्कम? मिनिटांचा हिशेब मांडायचा कसा

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत बऱ्याचदा बाद पद्धत असते. एक सामना हरला की परतीची गाडी धरायची. याच स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडतात. तो पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत आणि राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवात खेळतो. म्हणजे मूर्तिजापूर किंवा दर्यापूरच्या एखाद्या पोराला विद्यापीठाच्या संघात येऊन कलर कोट मिळवायचा असेल, तर आधी तो मैदानावर दिसायला हवा. त्याला किती मिनिटं मिळतात यावर त्याचं पुष्कळ काही ठरतं. म्हणून मिनिटं वाटण्याचं काम अंदाजाने होऊ नये, हिशेबाने व्हावं. हा हिशेब वही-पेन घेऊन कुठल्याही कॉलेजला मांडता येतो.

आधी बेरीज

फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा असतो. एका वेळी मैदानावर पाच खेळाडू, म्हणजे एका सामन्यात संघाकडे वाटायला एकूण 200 मिनिटं. दोन गार्डची 80 मिनिटं वजा केली की दोन फॉरवर्ड आणि एक सेंटर मिळून 120 उरतात. बारा जणांच्या संघात पाच गार्ड धरले तर या 120 मिनिटांचे वाटेकरी सात. सगळ्यांना सारखं वाटायचं म्हटलं तर प्रत्येकाला जेमतेम सतरा मिनिटं येतील, आणि कुणाचाच जम बसणार नाही.

बरोबरीच्या सामन्यासाठी वाटप साधारण असं ठेवता येतं: सुरुवात करणाऱ्या तिघांना 30, 28 आणि 24. पहिल्या राखीव खेळाडूला 18, दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 8. बेरीज 120. सातवा त्या दिवशी बसून राहील. हे कागदावर मांडलं की एक गोष्ट लगेच दिसते. तिन्ही राखीव खेळाडूंची मिळून 38 मिनिटं होतात, म्हणजे पुढच्या फळीच्या खेळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आपली फळी किती भक्कम आहे, हे त्या 38 मिनिटांत ठरतं. पहिला फॉरवर्ड बाहेर आल्यावर खेळ किती खालावतो, तेच खरं मोजमाप. बाकावर उंच पोरं किती बसली आहेत, यावरून ते कळत नाही.

फॉरवर्डचं काम नेमकं काय

मोजायचं काय हे ठरवल्याशिवाय मोजता येत नाही. गुण सगळ्यांना दिसतात. फॉरवर्डची बरीच कामं मात्र बघ्यांच्या नजरेतून सुटतात: बॉक्स आउट करणं, गार्डसाठी स्क्रीन लावणं, आपला गार्ड चकला की मदतीला सरकणं, आणि चेंडू हातून गेला की आपल्या रिंगकडे धावत परतणं.

यातलं बॉक्स आउट नीट समजून घ्यायला हवं. शॉट सुटला की चेंडूकडे न बघता आधी आपल्या माणसाला शोधायचं, पाठ त्याच्या छातीला लावायची, गुडघे वाकवून पाय फाकवून रोवायचे आणि मग वर बघायचं. रिंग 3.05 मीटर उंचीवर असते. आपल्याकडच्या कुठल्याच पोराची उंची तिथवर पोचत नाही, म्हणून चेंडू खाली येताना जागा कुणाची आहे यालाच किंमत. चार बोटं कमी उंचीचा, पण पाय पक्के असलेला मुलगा इथे उंच मुलाला भारी पडू शकतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1914 पासून या भागात मैदानी खेळांची आवड जोपासली. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मंडळाच्या पथकाने कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. या मातीत कबड्डी खेळून पाय रोवायला शिकलेला पोरगा मिळाला, तर त्याची उंची बघून त्याला परत पाठवू नका. आधी त्याला बॉक्स आउट शिकवून बघा.

आक्रमणातल्या रिबाउंडची वेगळी नोंद ठेवा. रिंगला लागून आलेला चेंडू आपणच धरला की शॉट क्लॉकवर नवे 14 सेकंद मिळतात. म्हणजे संघाला हुकलेली संधी पुन्हा मिळते. असे दोन-तीन रिबाउंड आणणाऱ्या फॉरवर्डचे स्वतःचे गुण शून्य असले, तरी त्याने संघाला गुण मिळवून दिलेले असतात.

स्कोअरशीट काय सांगते, काय सांगत नाही

अधिकृत स्कोअरशीटवर बरंच काही असतं. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईत, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या शाईत लिहितात. सुरुवातीच्या पाचांच्या ‘एक्स’भोवती गोल असतो, नंतर उतरलेल्याच्या नावापुढे नुसता ‘एक्स’. वैयक्तिक फाऊलसाठी फाऊलच्या रकान्यात ‘पी’ असतो. त्यामुळे कुणाचे गुण आणि फाऊल कोणत्या क्वार्टरमधले, हे शाईच्या रंगावरून कळतं. पण खेळाडू कधी उतरला आणि कधी बाहेर आला, याची वेळ त्यात नसते. रिबाउंडही नसतात.

म्हणून बाकावर एक वही हवी, आणि ती भरणारा एक शांत डोक्याचा विद्यार्थी. रकाने पाचच: क्वार्टर, घड्याळ, गुण, बाहेर कोण, आत कोण. समजा, वहीत अशी नोंद आहे: दुसरा क्वार्टर, घड्याळात 6:40, गुण 22-19, 8 नंबर बाहेर, 14 नंबर आत. पुढची नोंद: 2:10, गुण 29-28, 14 बाहेर, 8 आत. म्हणजे 14 नंबर साडेचार मिनिटं खेळला. तेवढ्यात आपण 7 गुण केले, समोरच्यांनी 9. त्याच्या नावापुढे वजा दोन लिहायचं.

पण एवढ्यावरून त्याला कमी लेखणं अन्यायाचं होईल. ते 9 गुण आले कसे, ते बघा. त्यातले सहा गुण दोन तीन-गुणी शॉटचे असतील आणि दोन्ही वेळा आपला गार्ड मागे राहिला असेल, तर 14 नंबरचा त्यात दोष नाही. उलट त्या वेळात त्याने आपल्या रिंगखालचे तीन रिबाउंड धरले असतील. एका सामन्यातला हा आकडा फसवा असतो. पाच-सहा सामन्यांची बेरीज केली, की कोण मैदानात असताना संघ सावरतो आणि कोण असताना घसरतो, हे दिसू लागतं.

एकूण आकडेही तसेच फसवतात. समजा, 8 नंबरने 28 मिनिटांत 7 रिबाउंड घेतले आणि 14 नंबरने 9 मिनिटांत 4. नोटीस बोर्डवर सात मोठे दिसतात. दहा मिनिटांमागे मोजलं तर पहिल्याचे अडीच आणि दुसऱ्याचे साडेचारच्या जवळपास. यावरून 14 नंबरला लगेच पाचात घेऊ नका. तो समोरच्यांच्या राखीव खेळाडूंविरुद्ध खेळला का, ते तपासा. पुढच्या सामन्यात त्याची मिनिटं 9 वरून 14 करा आणि समोर त्यांचा मुख्य सेंटर असतानाच त्याला उतरवा. तिथेही टिकला, तर तुमची फळी एका माणसाने वाढली.

फाऊल आणि दम

पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. शिवाय एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाऊलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. रिंगखाली अंगाला अंग भिडतं, त्यामुळे पुढच्या फळीचे फाऊल सहसा आधी वाढतात. रिंगजवळ खेळणारा दुसरा भरवशाचा खेळाडू नसेल, तर पहिला फाऊलच्या धास्तीने हात आखडतो आणि समोरच्यांना सोपे लेअप मिळतात.

पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाऊल झाले की खेळाडूला बसवायचं, ही बऱ्याच प्रशिक्षकांची रीत. ती डोळे मिटून पाळू नका. त्याला बाहेर ठेवलं, तर तेवढी मिनिटं नक्की गेली. खेळवलं, तर तो पुढे बाद होण्याची फक्त शक्यता आहे. मुलगा फाऊलनंतर सांभाळून खेळणारा असेल तर थोडी विश्रांती देऊन परत उतरवा, डोकं गरम होणारा असेल तर हाफटाइमपर्यंत बसवा. स्वभाव ओळखणं हाही मूल्यमापनाचाच भाग आहे.

दमाचं तसंच. अकोल्यात सकाळी दहानंतर सिमेंटचं उघडं कोर्ट तापतं. एका दिवसात दोन सामने आले, तर 35 मिनिटं खेळलेला फॉरवर्ड दुसऱ्या सामन्यात नुसता उभा राहतो. थकव्याच्या खुणा आधीच दिसतात: चेंडू थांबला की हात गुडघ्यांवर जातात, परत धावणं चालण्यावर येतं, आणि पाय हलवण्याऐवजी हात घालून फाऊल होतात. तिसरी खूण दिसली की बदल करायला आधीच उशीर झालेला असतो.

बदल कधी करायचा यातही एक हिशेब आहे. पहिल्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं आणि दुसऱ्याची पहिली तीन मिनिटं मुख्य फॉरवर्डला बसवलं, तर खेळातली पाचच मिनिटं जातात. पण मधली दोन मिनिटांची सुटी आणि घड्याळ थांबलेला वेळ धरून त्याला जवळजवळ दहा मिनिटांचा विसावा मिळतो. त्या पाच मिनिटांसाठी राखीव खेळाडू आधीपासून ठरवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी बाकाकडे बघत कुणाला उठवू असं होत नाही.

कोण कुणाबरोबर

फॉरवर्डला एकटं तोलून भागत नाही. बाहेरून शॉट न मारणारे दोघं एकत्र उतरवले, तर समोरचा संघ झोन लावून रिंगखाली गर्दी करतो आणि आपल्या गार्डला आत शिरायला वाट उरत नाही. म्हणून सरावात तिघांच्या जोडण्या करून बघा आणि वहीत प्रत्येक जोडणीचाही आकडा लिहा. राखीव पाच एकदम उतरवू नका. एक राखीव फॉरवर्ड चार अनुभवी खेळाडूंत उतरवला, तर त्याचा खेळ खरा कळतो. पाच नवखे एकदम उतरले, तर कुणाचाच कळत नाही.

पोराला सांगायचं

हे सगळं वहीतच राहिलं तर निम्मं वाया जातं. सामन्याआधी कुणी विचारलं, ‘‘सर, माहा नंबर कवा लागन?’’ तर ‘‘बघू’’ म्हणून वाटेला लावू नये. ‘‘दुसऱ्या क्वार्टरात पयली तीन मिनिटं तुहीच हायेत. तेवढ्या वेळात त्यांच्या 10 नंबरले रिंगखाली येऊ देऊ नको.’’ एवढं सांगितलं, की तो पोरगा बाकावर बसून त्या 10 नंबरचेच पाय निरखत राहतो. मुलींच्या संघात तर हे आणखी जपायला हवं, कारण तिथे राखीव खेळाडू मुळातच कमी असतात आणि बसून बसून नाराज झालेली मुलगी पुढच्या वर्षी सरावालाच येत नाही.

पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं उन्हाळ्यात कॉलेज सोडतात. त्यांच्याबरोबर 30 आणि 28 मिनिटांचे मानकरीही जातात. वीस गुणांची आघाडी असलेल्या सामन्याचा शेवटचा क्वार्टर प्रथम वर्षाच्या फॉरवर्डला अनुभवी खेळाडूंबरोबर खेळायला द्या आणि वहीत त्याचं पान उघडा. जुलैत संघ नव्याने बांधायला बसाल, तेव्हा त्या पानांवर तुमची पुढची फळी लिहिलेली असेल. आणि कुठल्याही पोराने ‘‘मी का नाही?’’ असं विचारलं, तर त्याला खरं आणि पुराव्यासह उत्तर देता येईल. तो त्या उत्तराचा हक्कदार आहे.