पोटावरचा फुगवटा लपवू नका

सिझेरियन किंवा पोटाच्या दुसऱ्या एखाद्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, टाक्यांच्या जागी फुगवटा दिसू लागतो. खोकताना तो वाढतो, आडवे पडल्यावर आत जातो. दुखत नाही म्हणून अनेक गृहिणी तो साडीच्या निऱ्यांआड लपवतात. हा हर्निया असू शकतो. पोटाच्या भिंतीला पडलेले छिद्र औषधाने वा व्यायामाने बुजत नाही. पट्टा फक्त आधार देतो.

छिद्र नुसते ओढून शिवले, तर टाक्यांवर ताण येतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात अशा ४३ टक्के रुग्णांना ३ वर्षांत पुन्हा हर्निया झाला. जाळी बसवलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. हर्निया फारच मोठा असेल, तर पोटाच्या स्नायूंचे थर एकमेकांपासून सोडवून मध्यभागी आणतात आणि जाळीचा आधार देतात.

ऑपरेशनपूर्वी तंबाखू सोडा, वजन, मधुमेह व खोकला आटोक्यात आणा. मात्र फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.