गेम चार्ज होत नाही? रागावण्याआधी हे पाहा

मागच्या बैठकीला आमच्या गटातल्या एक ताई पिशवीतून मुलाचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घेऊन आल्या. मामाने दिवाळीला दिलेला. आठ दिवस चार्जच होत नव्हता. ‘पाण्यात पाडला असशील’ म्हणून मुलाला मार बसला होता. दुकानदार नवी बॅटरी घाला म्हणाला, म्हणून ताई गटातून कर्ज मागत होत्या. आम्ही म्हटलं, आधी बघू तर खरं.

चार्जिंगला चार गोष्टी लागतात: बोर्डातली वीज, चार्जर, वायर आणि गेममधली बॅटरी. सोप्यापासून सुरुवात करायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही.

त्याच चार्जर-वायरवर मोबाइल लावून बघा. तोही चार्ज झाला नाही, तर बोर्ड, चार्जर किंवा वायर यांत दोष. मोबाइल झाला, तर गेमकडे वळा. गेम बंद करून वायर घालायच्या भोकात उजेडात बघा. तिथे खिशातला कचरा दबून बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. लाकडी काडीने हलकेच काढा. सुई, टाचणी नको.

बॅटरी पार उतरली असेल तर दिवा लगेच लागत नाही. अर्धा तास लावून ठेवा, पण नजरेसमोर.

आता ताईंच्या गेमचं सांगतो. घरात नवा मोबाइल आला, तेव्हापासून गेमही त्याच्याच चार्जरवर लावत होते. त्या वायरीची दोन्ही टोकं सारखी, टाइप-सी. असा चार्जर समोरच्या वस्तूकडून खूण मिळाल्याशिवाय वीज सोडत नाही. काही स्वस्त गेममध्ये ती खूण देणारा बारीक भागच बसवलेला नसतो. म्हणजे मोबाइल चार्ज होतो, गेम होत नाही, आणि बिघाड मात्र कशातच नाही! आम्ही गटाच्या जुन्या मोबाइलचा साधा ५ व्होल्टचा चार्जर आणला. त्याच्या वायरीचं एक टोक रुंद, चौकोनी. लावला, आणि लाल दिवा लागला.

एक गोष्ट मात्र कधीच चालवून घेऊ नका. बॅटरी फुगली असेल, मागचं झाकण उचललं असेल, वस्तू फार तापत असेल किंवा उग्र वास येत असेल, तर चार्जिंग तिथेच थांबवा. सपाट टेबलावर ठेवलेली बॅटरी भिंगरीसारखी फिरली, तर ती फुगलेली समजा. लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. ती दाबू नका, टोचू नका, चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. चांगली बॅटरीसुद्धा गादीवर, उशीखाली चार्जिंगला लावू नका.

ताईंनी कर्जाची मागणी मागे घेतली. घरी जाऊन काय केलं, तेही त्यांनी परवा सांगितलं: “त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, चुकलं माझं.”