थंड पेयाच्या बाटलीतले विष

मे महिन्याच्या सुट्टीत मामूंकडे गेले होते. पडवीतल्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी, थंड पेयाची बाटली होती. आत गडद रंगाचे पाणी. माझी धाकटी हात लावणार तोच मुमानी ओरडल्या, "बेटा, ते औषध आहे!"

हे औषध म्हणजे पॅराक्वाट, तण जाळून टाकणारे. मामूंनी आणि शेजाऱ्यांनी मिळून एक डबा घेतला होता. आपला वाटा मामूंनी बाटलीत ओतून आणला होता.

आपण विषाला 'औषध' म्हणतो, तिथेच चूक होते. पॅराक्वाटचा एक घोटही जीव घेऊ शकतो आणि त्यावर उतारा नाही. सुरुवातीला तोंड-घसा भाजतो, उलट्या होतात. तरी माणूस चालता-बोलता असतो. घरच्यांना वाटते, निभावले. पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होत जातात. म्हणून घरगुती उपायात वेळ न घालवता, डब्यावरचे लेबल सोबत घेऊन तडक मोठे रुग्णालय गाठावे. अंगावर सांडले तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवावे.

स्वित्झर्लंडने 1989 मध्ये यावर बंदी घातली. युरोपीय संघात ते 2007 पासून बंद आहे, आपल्याकडे केरळने 2011 मध्ये बंद केले. अमेरिकेत मात्र प्रशिक्षित परवानाधारकालाच ते वापरता येते. तिथे 2011 मध्ये शेतीशी संबंधित लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरणाऱ्यांत कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, प्रमाण सुमारे अडीचपट आढळले. यावरून पॅराक्वाटच कारण आहे असे सिद्ध होत नाही, पण काळजी वाटावी एवढे ते नक्कीच आहे. पुढे हजारो अमेरिकनांनी सिंजेंटा आणि शेव्हरॉन या कंपन्यांवर दावे लावले. धोका माहीत असून सांगितला नाही, हा त्यांचा आरोप. कंपन्यांनी तो नाकारला. 2021 मध्ये संघीय न्यायालयांतले असे दावे इलिनॉयच्या एका न्यायालयात एकत्र आणले गेले.

मामूंनी विचारले, "आपल्याला असा दावा करता येतो का?" येतो. 1968 च्या कीटकनाशक कायद्यात तणनाशकेही येतात आणि त्याखालच्या नियमांनुसार फवारणाऱ्याला पुरेसे संरक्षक कपडे हवेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष मालाने किंवा अपुऱ्या सूचनेने इजा झाली, तर भरपाई मागता येते. मात्र पुरावा लागतो: पक्के बिल, बॅच क्रमांक असलेला मूळ डबा, दवाखान्याचे कागद.

मामू उठले, बिल शोधू लागले. कुठेच नव्हते. त्या बाटलीवर तर लेबलही नव्हते. संध्याकाळी हातमोजे घालून त्यांनी ते विष शेजाऱ्यांच्या मूळ डब्यात परत ओतले, बाटली ठेचून टाकली आणि डब्याच्या पेटीला कुलूप लावले.

आज तुमच्याही घरातली फळी एकदा बघून घ्या.