प्रत काढायची कधी? जीवाणूंच्या वाढीबद्दलचे पाच गैरसमज

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या लागल्या की मासळीइतकीच धावपळ बर्फासाठी होते. बर्फ कमी पडला तर उन्हाळ्यात बांगडा बघता बघता नरम पडतो. हे काम जीवाणूंचं, एवढं इथे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एका जीवाणूचे दोन होण्याआधी त्याला आपल्या गुणसूत्राची पूर्ण प्रत काढावी लागते. ती प्रत कधी सुरू करायची, यावर त्याच्या वाढीचं सगळं गणित उभं असतं. नेमक्या याच गोष्टीबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : जीवाणू साधा जीव. त्याची प्रत केव्हाही, कुठूनही सुरू होते.

वस्तुस्थिती : ई. कोलाय या सर्वाधिक अभ्यासलेल्या जीवाणूच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या असतात, पण प्रत सुरू होते ती एकाच ठिकाणाहून. ‘ओरी-सी’ नावाची ही जागा जेमतेम २४५ जोड्यांची. ‘डीएनए-ए’ नावाच्या प्रथिनाचे रेणू एटीपी या ऊर्जावाहक रेणूसह इथे पुरेशा संख्येनं जमले, की दुहेरी धागा तिथे उसवतो आणि प्रत काढणारी यंत्रणा आत शिरते. सुरुवात करणारं प्रथिन आणि ते जिथे बसतं ती जागा, अशी ही जोडी असणार, हे जेकब, ब्रेनर आणि क्यूझँ यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं.

गैरसमज २ : वीस मिनिटांत पेशी दुभंगते, म्हणजे प्रतही वीस मिनिटांत निघते.

वस्तुस्थिती : हिशेब करून पाहा. ओरी-सीपासून प्रत दोन्ही दिशांना निघते, म्हणजे प्रत्येक बाजूला २३ लाख जोड्या. वेग सेकंदाला सुमारे एक हजार. म्हणजे २,३०० सेकंद, जवळजवळ ४० मिनिटं. त्यानंतर पेशी दुभंगायला आणखी २० मिनिटं. एकूण झाला एक तास. मग दर वीस मिनिटांनी नवी पेशी येते कुठून?

हे कोडं कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये सोडवलं. पहिली प्रत पूर्ण व्हायच्या आतच दुसरी सुरू होते आणि दुसरी चालू असताना तिसरी. आत्ता दुभंगणाऱ्या पेशीसाठीची प्रत तिच्या आजीच्या जन्माच्या वेळीच सुरू झालेली असते. अशा एकाच पेशीत ओरी-सीच्या आठ प्रती सापडू शकतात.

गैरसमज ३ : भरपूर अन्न मिळालं की प्रत काढण्याचा वेग वाढतो.

वस्तुस्थिती : चांगल्या वाढीच्या काळात हा वेग फारसा बदलत नाही. बदलतं ते सुरुवातीचं वेळापत्रक. डोनाकी यांनी १९६८ मध्येच दाखवलं, की प्रत्येक ओरी-सीमागे पेशीचं वस्तुमान एका ठरावीक मापाला पोचलं की नवी प्रत सुरू होते. अन्न मुबलक असेल तर पेशी ते माप लवकर गाठते, म्हणून सुरुवाती लवकर लवकर होतात.

गैरसमज ४ : सुरू करता आलं, की झालं.

वस्तुस्थिती : सुरू करण्याइतकंच पुन्हा लगेच सुरू न होऊ देणं महत्त्वाचं असतं, आणि त्यासाठी पेशी एकाहून अधिक कुलपं लावते. नवा धागा तयार झाला की त्यावर रासायनिक खुणा उमटायला थोडा वेळ लागतो. ओरी-सीमध्ये अशा खुणांच्या ११ जागा आहेत. त्या अर्धवट खुणा ओळखून ‘सेक-ए’ हे प्रथिन तिथे ठाण मांडतं आणि डीएनए-एला फिरकू देत नाही. दुसरीकडे ‘एचडीए’ हे प्रथिन डीएनए-एला चिकटलेल्या एटीपीचं एडीपी करून टाकतं. त्यामुळे डीएनए-ए पेशीत असूनही सुरुवात करू शकत नाही.

गैरसमज ५ : प्रत्येक जीवाणूत एकच गुणसूत्र असतं.

वस्तुस्थिती : किनारपट्टीच्या पाण्यात राहणारं व्हिब्रिओ घराणं याला अपवाद आहे. २००० मध्ये याच घराण्यातल्या पटकीच्या जीवाणूचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात दोन गुणसूत्रं आढळली : एक सुमारे ३० लाख जोड्यांचं, दुसरं सुमारे ११ लाखांचं. मोठ्याची सुरुवात डीएनए-ए करतं, धाकट्याची ‘आरसीटी-बी’ हे वेगळं प्रथिन. मोठ्या गुणसूत्रावर ‘सीआरटी-एस’ नावाचा एक छोटा तुकडा आहे. त्याची प्रत निघाली, की धाकट्याला सुरुवातीची परवानगी मिळते आणि दोघांचं काम जवळजवळ एकाच वेळी संपतं. हा दुवा २०१६ मध्ये स्पष्ट झाला.

कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मासळीतून बाधा करणारा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस याच घराण्यातला. मनाजोगतं तापमान आणि अन्न मिळालं, तर तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो.

म्हणूनच बर्फाची बाजू नीट समजून घ्यायला हवी. बर्फ जीवाणूंना सरसकट मारत नाही. थंडीत पेशीची वाढ मंदावते, ते ठरावीक माप गाठायला फार वेळ लागतो आणि नवी प्रत सुरूच होत नाही किंवा खूप उशिरा होते. मासळी पुन्हा गरम झाली, की वेळापत्रक पूर्ववत. नीट शिजवल्यावर जीवाणू मरतात हे खरं, पण बांगड्यात त्यांनी आधीच तयार केलेलं, बाधा करणारं हिस्टामिन शिजवूनही जात नाही. तेव्हा होडीपासून स्वयंपाकघरापर्यंत मासळी सलग बर्फात राहिली पाहिजे. मध्ये पडलेल्या तासाभराच्या खंडाची भरपाई नंतर कितीही बर्फ घालून होत नाही.