आमवात आणि अनुवंश : एका उंदराची साक्ष

२०२५ च्या ऑक्टोबरात स्टॉकहोमहून वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाची वार्ता आली आणि मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांनी उजेडात आणलेल्या, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक पेशींविषयी आठवडाभर पुष्कळ लिहिले गेले. परंतु वाचकांचे लक्ष मला वेधावेसे वाटते ते साकागुचींच्याच प्रयोगशाळेतील एका उंदराकडे.

जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना स्वतःच्याच शरीरावर उलटणारे रोग का जडतात, या एका प्रश्नाच्या ओढीने तरुण साकागुची पदव्युत्तर अध्ययन अर्धवट सोडून नागोयाच्या कर्करोग केंद्रात दाखल झाले. आणि अशा दमनकारी, म्हणजेच नियामक, पेशींची कल्पना विद्वत्सभांतून जवळजवळ हद्दपार झाली तेव्हाही त्यांनी ती टाकली नाही, म्हणूनच १९९५ साली त्या पेशींची निश्चित खूण पटली. पुढे त्यांच्या उंदरांच्या एका वंशात सांधे माणसाच्या आमवातासारखे आपोआप सुजू लागले. २००३ साली नोरिको साकागुची या त्यांच्या पत्नी व सहसंशोधिकेने, प्रथम लेखिका या नात्याने, त्याचे कारण प्रसिद्ध केले : झॅप-७० या जनुकात एका अक्षराचा बदल झाल्याने टी-पेशींना (थायमसमध्ये घडणाऱ्या प्रतिकारपेशींना) मिळणारा संदेश क्षीण होतो, आणि थायमसमध्येच ज्यांचा निकाल लागावयाचा त्या स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशी सुटून शरीरभर संचार करू लागतात.

मात्र खरे मर्म याच्या पुढे आहे. जनुकातील दोष तोच असूनही, रोगजंतूंपासून मुक्त राखलेल्या जागेत वाढलेल्या या उंदरांचे सांधे निरोगी राहिले. बुरशीच्या पेशीभित्तिकेतील द्रव्य टोचताच ते सुजले. म्हणजे अनुवंशाने कल दिला, हुकूम दिला नाही.

माणसाची गोष्टही याहून वेगळी नाही. १९९३ च्या ब्रिटिश अभ्यासात, एकाला आमवात असलेल्या एकरूप जुळ्यांपैकी दुसऱ्यालाही तो असल्याचे प्रमाण शेकडा पंधराच्या आसपास निघाले. २०१४ साली युकिनोरी ओकादा या तरुण जपानी संशोधकाने सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक माणसांची जनुके तपासून या रोगाशी निगडित १०१ स्थाने नोंदविली. त्यांत सर्वांत प्रबळ ठरणाऱ्या एचएलए जनुकाचाही प्रभाव धूम्रपानाची जोड मिळाली की कित्येक पटींनी वाढतो. तेव्हा आईची बोटे वाकडी झाली म्हणून मुलीच्या भवितव्याचा निवाडा करून टाकणाऱ्या घरांना शास्त्राचा मुळीच आधार नाही. तिने तंबाखूच्या धुरापासून दूर राहावे, आणि सकाळचा आखडलेपणा आठवडे टिकला तर विनाविलंब तज्ज्ञ गाठावा, एवढेच शास्त्र सांगते.

दुसरी गोष्ट मी आग्रहाने मांडतो. युरोपीयांत महत्त्वाचा ठरलेला पीटीपीएन२२ जनुकाचा बदल जपान्यांत जवळजवळ आढळत नाही. उलट दिल्ली विद्यापीठातील बी. के. थेल्मा यांच्या गटाने २०१३ साली उत्तर भारतीयांत एआरएल१५ हे जनुक नव्याने दाखविले. परक्यांच्या रक्तावरून आपले निदान पूर्ण होत नाही, हाच याचा अर्थ. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. त्याच परंपरेत, रुग्णांच्या संमतीने, जनुकांच्या तपासाचे दप्तर आता उघडले पाहिजे. आणि एकाच प्रश्नापाशी दहा वर्षे ठाण मांडण्याची उमेद असलेल्या तरुण संशोधकाला त्यासाठी कायमची नेमणूक व पुरेसा खर्च देणे, हे सरकारचे कर्तव्य आहे.